रोप बाहेर काढण्याआधीचे दहा दिवस

खिडकीत किंवा रोपवाटिकेच्या जाळीखाली वाढलेले टोमॅटोचे रोप दिसायला कितीही तजेलदार असले, तरी भर दुपारी ते एकदम उघड्यावर ठेवले की दोन-तीन तासांतच त्याच्या वरच्या पानांवर फिकट, चंदेरी झाक येते आणि दुसऱ्या दिवशी तेथे कागदासारखे पांढरे, कोरडे डाग दिसू लागतात. पाहणाऱ्याला तो रोग वाटतो आणि फवारणीचा विचार सुरू होतो. वास्तविक ते उन्हाने भाजलेले पान असते. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही आणि त्यावर कोणतेही औषध चालत नाही. असे रोप बहुतेक वेळा मरत नाही, पण नवी पाने फुटून सावरेपर्यंत त्याची वाढ खुंटते, म्हणजे जे आठ-दहा दिवस वाचवण्यासाठी आपण घाई केलेली असते, तेवढेच दिवस ते पुरते वसूल करून घेते.

हे टाळण्यासाठी पुनर्लागवडीपूर्वी रोपाला बाहेरच्या हवेची टप्प्याटप्प्याने सवय लावतात. याला रोपे काटक करणे, कणखर करणे किंवा सरळ हार्डनिंग असे म्हणतात. सावलीतून हळूहळू उन्हात आणावे, इतके हे सांगायला सोपे आहे. तरीही ते वारंवार फसते, कारण बाहेर रोपाची वाट पाहत असलेल्या गोष्टी एक नसून चार असतात: ऊन, वारा, पाण्याची ओढ आणि तापमानातील चढउतार. या चारही गोष्टी आपण नकळत एकाच दिवशी वाढवतो आणि मग रोपाने मान टाकली की नेमके काय सोसले नाही हे कळत नाही. म्हणून एका दिवशी एकच ताण वाढवावा आणि बाकीचे तीन आदल्या दिवशी होते तेथेच ठेवावेत. वेळापत्रक कोणतेही असो, हा नियम मी मोडत नाही.

आत वाढलेले रोप नाजूक का असते

भर दुपारच्या मोकळ्या आकाशाखाली सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश असतो, तर खोलीतल्या उजेडाच्या खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, तो जेमतेम काही हजार लक्स भरतो. आपल्या डोळ्यांना हा फरक तितकासा जाणवत नाही, कारण बाहुली लहान-मोठी करून ते जुळवून घेतात. पानाला मात्र तशी सोय नाही. सावलीत तयार झालेले पान पातळ, पसरट आणि हरितद्रव्याने भरलेले असते, म्हणजे मिळेल तो प्रकाश गोळा करण्याच्या बेताने घडलेले असते. त्यावर एकाएकी कितीतरी पट प्रकाश पडला, की शोषलेल्या ऊर्जेचा निचरा करणे त्याला जमत नाही आणि ती जादा ऊर्जा पेशींमधल्या हरितद्रव्याचाच नाश करते. शिवाय खिडकीची काच सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा तीव्र भाग जवळपास पूर्णपणे अडवते, त्यामुळे या किरणांपासून बचाव करणारी रंगद्रव्ये तयार करण्याची वेळच अशा रोपावर आलेली नसते. काचेमागे ‘चांगले ऊन’ मिळालेले रोपही म्हणूनच बाहेर भाजते.

दुसरी उणीव पाण्याच्या बाबतीत असते. पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा एक पातळ थर असतो, जो पाणी उडून जाऊ देत नाही. दमट आणि निवांत हवेत हा थर कमी जाडीचा राहतो. त्याच हवेत पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रेही आळसावतात, म्हणजे पाणी कमी पडत असताना ती चटकन मिटायला हवीत, पण तशी मिटत नाहीत. याचे टोकाचे उदाहरण ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) तयार केलेल्या केळीच्या रोपांत दिसते. बाटलीतल्या जवळपास पूर्ण आर्द्रतेत ती वाढलेली असल्यामुळे त्यांना आधी नियंत्रित आर्द्रतेत आणि मग जाळीखाली, असे दोन टप्प्यांत कित्येक आठवडे काटक करावे लागते. बाटलीतून थेट शेतात नेली तर ती वाचत नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सावलीत पूर्ण वाढलेले जुने पान उन्हाशी काही प्रमाणातच जुळवून घेते. जाड, उन्हाला खरोखर तयार असे पान हे बाहेर आल्यानंतर उमललेलेच असते. हार्डनिंगसाठी सात ते चौदा दिवस सांगितले जातात त्याचे एक कारण हे आहे: तेवढ्या काळात शेंड्यातून निदान एक-दोन पाने बाहेरच्या उजेडात उलगडतात. पहिल्याच आठवड्यात खालची जुनी पाने थोडी पिवळी पडली तर घाबरू नये, शेंड्याकडे पाहावे.

सुरुवात कधी करावी

रोप किती दिवसांचे आहे यापेक्षा ते कोणत्या अवस्थेत आहे हे पाहावे. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फुलकोबी यांची रोपे चार-पाच खऱ्या पानांवर (बियातल्या पहिल्या पानांनंतर येणाऱ्या पानांवर) आली, खोड हाताला भरीव लागू लागले आणि ट्रेच्या कप्प्यातून रोप अलगद उचलल्यावर मुळांनी माध्यम (कप्प्यात भरलेले मिश्रण) धरून ठेवले, की लावणीच्या तारखेपासून दहा दिवस मागे मोजून सुरुवात करावी. वेलवर्गीय भाज्यांच्या बाबतीत मात्र दोन-तीन खऱ्या पानांवरच लावणी उरकावी लागते, कारण काकडी, दुधी, भोपळा यांच्या मुळांना धक्का सोसत नाही आणि पिशवीत जास्त दिवस राहिलेला वेल पुढे रेंगाळतो. त्यांच्यासाठी हार्डनिंगचे पाच-सहा दिवसच हातात असतात.

रोपे विकत आणली असतील तर ती कोठे वाढली हे विचारून घ्यावे. जाळीच्या किंवा प्लास्टिकच्या छताखालून आलेली रोपे आपण लागवडीला तयार समजतो, पण तेथून आपल्या वाफ्यापर्यंतचा प्रवास त्यांच्या दृष्टीने खिडकीतून बाहेर येण्याइतकाच मोठा असतो. उत्तर समाधानकारक मिळाले नाही, तर ती काटक केलेली नाहीत असे धरून चालावे. चार-पाच दिवस जास्त गेल्याने काही बिघडत नाही.

या दिवसांत नत्रयुक्त खत देऊ नये. नत्रामुळे फूट लुसलुशीत आणि पाणीदार येते, आणि नेमकी तीच आपल्याला नको असते.

दिवसांचा क्रम

पहिले दोन दिवस रोपे उजेडाच्या सावलीत ठेवावीत, म्हणजे जेथे आकाश दिसते पण सूर्य दिसत नाही अशा जागी; भिंतीची उत्तरेकडची बाजू किंवा दाट झाडाखालची जागा चालते. वारा लागणार नाही हे पाहावे. दोन-तीन तास झाले की रोपे आत आणावीत. ही पायरी अनेकांना निरर्थक वाटते, पण बाहेरची सावलीदेखील खोलीच्या मानाने कितीतरी उजळ असते आणि हवाही कोरडी असते, त्यामुळे रोपाच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन तासभर द्यावे आणि मग रोपे पुन्हा सावलीत ठेवावीत. सकाळचेच ऊन का, तर त्या वेळी हवा गार आणि दमट असते. प्रकाश वाढला तरी पाण्याची ओढ वाढत नाही. उतरत्या दुपारचे ऊन प्रकाशाने तितकेच असले, तरी तोपर्यंत हवा तापून कोरडी झालेली असते आणि रोपावर दोन ताण एकदम येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ऊन दोन तासांवर, सहाव्या-सातव्या दिवशी साधारण चार तासांवर न्यावे. आठव्या दिवसापासून दुपारची वेळ गाठावी आणि दहाव्या दिवशी रोप सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्यावर राहील असे पाहावे. कडक उन्हाळ्यात हीच वाटचाल चौदा दिवसांवर पसरवावी आणि शेवटचे टप्पे ५० टक्के सावलीच्या जाळीखाली पार पाडावेत.

हा क्रम दिनदर्शिकेवर खुणा करून पाळायचा नाही. रोज संध्याकाळी पाने पाहावीत. दुपारी थोडे सैलावलेले पान सूर्य कलल्यावर ताठ झाले, तर ताण बेताचा होता आणि उद्या पुढे जायला हरकत नाही. रात्रीनंतरही, सकाळी पाने मरगळलेलीच दिसली, तर एक टप्पा मागे यावे. पानांवर चंदेरी झाक दिसली तर दोन टप्पे मागे यावे. पाने किंचित जाड, गडद आणि हाताला थोडी खरखरीत लागू लागली, खोडावर आणि शिरांवर जांभळट छटा आली, की रोप तयार होत आहे असे समजावे. ही छटा पाहून काहीजण स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता आहे म्हणून खत घालतात; थंड रात्री आणि भरपूर ऊन यांनीही ती येते आणि लावणीनंतर रोपाने वाढ धरली की आपोआप जाते.

ढगाळ दिवसाविषयी मी एकदा चांगलाच फसलो आहे. मिरचीची रोपे पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा सलग चार दिवस आभाळ भरलेले होते. रोपे मजेत होती, म्हणून पाचव्या दिवशी ती बाहेरच ठेवून मी कामाला गेलो. त्या दिवशी ढग पांगून ऊन पडले. संध्याकाळी परत आलो तेव्हा ट्रेच्या बाहेरच्या दोन ओळींतील प्रत्येक रोपाचे वरचे पान पांढरे पडले होते, आणि मधल्या ओळी एकमेकांच्या सावलीमुळे तेवढ्या वाचल्या होत्या. पहिला दिवस ढगाळ मिळाला तर उत्तमच, पण ढगाळ दिवस उन्हाच्या हिशेबात धरू नये, हे तेव्हापासून पक्के झाले.

पाणी तोडताना

पाणी कमी करणे हा हार्डनिंगचाच भाग आहे, कारण किंचित ओढ बसल्यावर रोप शेंड्याची धाव आवरते आणि मुळे वाढवते. मात्र पाणी कमी करणे म्हणजे कमी प्रमाणात रोज शिंपडणे, असा अर्थ बहुतेकजण लावतात, तो चुकीचा आहे. अशाने वरचा थर तेवढा ओला राहतो आणि तळाची मुळे कोरडी पडतात. पाणी द्याल तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्यावे. वाढवायचे ते दोन पाण्यांमधले अंतर. ते किती वाढवावे याचा सगळ्यात भरवशाचा मापक म्हणजे आपला हात. पाणी दिल्यावर ट्रे किंवा पिशवी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा आणि रोज सकाळी पुन्हा उचलून पाहावी. दोन-तीन दिवसांत हाताला वजन कळू लागते. पिशवी हलकी लागली आणि सर्वांत वरची पाने जराशी मऊ पडली, की पाणी द्यावे. पाने लोंबकळू लागेपर्यंत थांबू नये.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या ट्रेमध्ये जास्त सावध राहावे लागते, कारण एकेका कप्प्यात माध्यम मूठभरही नसते आणि बाहेरच्या वाऱ्यात ते अर्ध्या दिवसात कोरडे होऊ शकते. शिवाय कोकोपीट वरून तपकिरी आणि कोरडे दिसत असले तरी आत ओलावा धरून असते, त्यामुळे रंगावरून अंदाज चुकतो. वजन चुकत नाही.

भर उन्हात पाणी दिले की थेंबांची भिंगे होऊन पाने जळतात, असे सर्रास सांगितले जाते. गुळगुळीत पानांच्या बाबतीत ती भीती निराधार आहे. दुपारी पाणी न देण्याचे खरे कारण नळीत दडलेले असते: उन्हात पडलेल्या रबरी नळीतले पाणी हात भाजेल इतके तापते आणि पहिला लोट थेट मुळांवर जातो. वेळीअवेळी पाणी द्यावेच लागले, तर नळीतले गरम पाणी आधी वाहून जाऊ द्यावे.

वारा

वाऱ्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिले जाते. ऊन वाढवताना आपण तास मोजतो, पण रोपे गच्चीच्या कठड्याशी ठेवताना तेथे वारा किती वाहतो हे पाहत नाही. आणि पानांतून पाणी उडवण्यात वारा उन्हापेक्षा मागे नसतो. पहिले तीन-चार दिवस आडोसा असावा, त्यानंतर झुळूक लागू द्यावी आणि शेवटच्या दिवसांत रोप मोकळ्या वाऱ्यात हलू द्यावे. हलणे हे त्याला उपकारक असते. सतत हलणाऱ्या किंवा स्पर्श होणाऱ्या रोपाचे खोड उंचीने कमी आणि जाडीने जास्त वाढते. घरात असतानाच रोज एक-दोनदा शेंड्यांवरून तळहात किंवा जाड कागद हलकेच दहा-वीस वेळा फिरवला, तर या बदलाची सुरुवात आधीच होते. पाने ओली असताना मात्र तसे करू नये, कारण एका रोपाचा रोग हाताने दुसऱ्या रोपावर जातो.

थंडीची सवय सगळ्यांना लागत नाही

रोपे काटक करणे म्हणजे त्यांना थंडीत ठेवणे, हा समज थंड हवामानातील पिकांपुरता खरा आहे. कोबी, फुलकोबी, कांदा, लेट्यूस यांची रोपे गार रात्रींमध्ये पेशींत साखर साठवतात आणि काही दिवसांत हलके दहिवरही (गोठलेले दव) सोसण्याइतकी तयार होतात. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, भोपळा यांना मात्र उष्ण हवामानाचा वारसा आहे. १० अंश सेल्सिअसखाली त्यांच्या मुळांचे पाणी ओढणे मंदावते आणि पेशींची आवरणे बिघडू लागतात. त्यांना थोडी गार हवा देऊन वाढ मंद करता येते, पण गोठवणारी थंडी सोसायला शिकवता येत नाही. रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांच्या खाली जाणार असेल, तर ही रोपे दिवसा कितीही तयार दिसली तरी रात्री आत घ्यावीत.

कोबीवर्गीय रोपांनाही मर्यादा आहे. खोड पेन्सिलीएवढे जाड झालेले मोठे रोप १० अंशांखालच्या थंडीत दोनेक आठवडे राहिले, तर हिवाळा होऊन गेला असे समजून ते गड्डा धरण्याऐवजी फुलोऱ्याचा दांडा काढण्याच्या मार्गाला लागते. लहान रोपांना हा धोका कमी असतो. याउलट, फुलकोबीचे रोप पाण्यावाचून, खतावाचून आणि अरुंद जागेत फार दिवस अडकवून ठेवले, तर लावणीनंतर त्याला बटणाएवढाच गड्डा येतो. हार्डनिंग कमी पडले तर आठवडा जातो. अति झाले तर अख्खे पीक हातचे जाते. मला विचाराल तर दुसरी चूक जास्त महाग आहे.

कमावलेला काटकपणा टिकाऊही नसतो. थंडीची सवय झालेली रोपे चार-पाच दिवस उबदार खोलीत परत ठेवली, की ती सवय बरीचशी ओसरते. ती लागायला जेवढे दिवस लागतात त्याहून कमी दिवसांत ती जाते. म्हणून हार्डनिंग पूर्ण झाल्यावर लावणी लांबवू नये.

लावणीचा दिवस

लावणी सूर्य कलल्यावर करावी, म्हणजे रोपाला सावरण्यासाठी पूर्ण रात्र मिळते. तासाभरापूर्वी ट्रे चांगला भिजवावा, जमीन वाफशावर (ओलसर, पण चिखल नसलेली) असावी आणि खड्ड्यातही आधी पाणी घालून जिरवावे. पिशवी ओढून न काढता बाजूने चिरावी आणि मातीची हुंडी (मुळांभोवतीचा गोळा) फुटू देऊ नये. रोप खोडाला धरून उचलू नये. पान फाटले तर दुसरे येते, पण खोड चेपले तर रोप जाते. टोमॅटो थोडा खोल लावला तरी चालतो, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात. मिरची व वेलवर्गीय रोपे होती त्याच पातळीवर लावावीत. लावून झाल्यावर हुंडी आणि आजूबाजूची माती यांच्यात पोकळी राहणार नाही इतपत दाबावे आणि भरपूर पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी हुंडीच्या बाजूला बोट घालून पाहावे: बाहेरची माती ओली आणि कोकोपीट कोरडे, असे पुष्कळदा आढळते, कारण भारी माती कोकोपिटातले पाणी ओढून घेते.

लावणीनंतरची राखण

काटक केलेले रोप म्हणजे चिलखत घातलेले रोप नव्हे. पहिले दोन आठवडे त्याची मुळे हुंडीबाहेर फारशी गेलेली नसतात आणि हवामानाने अचानक तोंड फिरवले तर संरक्षण आपणच द्यायचे असते. मात्र प्रत्येक संरक्षण वेळेवर काढावे लागते, आणि माझ्या पाहण्यात आच्छादन न घातल्यामुळे जितकी रोपे गेली, त्याहून जास्त ते काढायचे राहिल्यामुळे गेली आहेत.

उन्हासाठी ३५ ते ५० टक्के सावलीची जाळी रोपांपासून हातभर उंचीवर, शक्यतो पश्चिमेकडून झुकती बांधावी. त्यामुळे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारचे अडते. जाळी पानांना टेकू देऊ नये. एकेका रोपासाठी पानांची फांदी शेजारी खोचली तरी काम भागते, आणि ती फांदी सुकून पाने गळत जातात तसतसे ऊन आपोआप वाढत जाते, हा तिचा गुण कोणत्याही जाळीत नाही. जमिनीवर वाळलेला पाला किंवा काड्यांचे पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे, पण खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. कुंडी किंवा काळ्या पिशवीतील रोपांना वरच्या उन्हापेक्षा बाजूचे ऊन जास्त बाधते: सूर्याकडच्या काळ्या प्लास्टिकला लागून असलेली माती ४० अंशांच्या वर सहज जाते आणि त्या बाजूची मुळे मरतात. पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवणे, बाहेरच्या रांगेला गोणपाट गुंडाळणे, किंवा एक कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत माती भरणे, हे साधे उपाय पुरतात.

वाऱ्यासाठी आडोसा करताना पत्रा किंवा भक्कम भिंत उभी करण्याचा मोह होतो. भक्कम आडोशावरून वारा उसळतो आणि मागच्या बाजूला भोवरे करून खाली आपटतो. अर्धा वारा अडवून अर्धा जाऊ देणारी जाळी, काटक्यांचे कुंपण किंवा पिकाची दाट ओळ जास्त उपयोगी पडते आणि तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते. उंच रोपांना काठीचा आधार द्यावा; दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, मध्ये पीळ देऊन सैल बांधावी, म्हणजे खोड काठीवर घासत नाही आणि थोडे हलूही शकते.

पावसाचा मारा दोन प्रकारे नडतो. टपोऱ्या थेंबांनी उडालेली माती खालच्या पानांवर बसते आणि तिच्याबरोबर रोगाचे बीजाणूही. यावर पाल्याचे आच्छादन हाच उपाय आहे. दुसरा त्रास साचलेल्या पाण्याचा. हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट मंद गतीने सरकतो, त्यामुळे चिंब मातीत मुळे अक्षरशः गुदमरतात, पाणी ओढू शकत नाहीत आणि रोप पाण्यात उभे असतानाच कोमेजते. ते पाहून तहान लागली असे समजून आणखी पाणी घालणारे मी पाहिले आहेत. कोमेजलेल्या रोपाला पाणी देण्याआधी मातीत बोट घालावे, एवढी सवय ठेवली तरी पुष्कळ रोपे वाचतात. लावणी गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) असेल आणि वाफ्याच्या कडेने चर असेल, तर हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही.

गारा पडण्याची शक्यता असेल तर बारीक छिद्रांची जाळी ताणून, मध्ये उंचवटा ठेवून बांधावी. सैल जाळीत गारा साचतात आणि वजनाने ती रोपांवर बसते. ऐनवेळी उपड्या बादल्या आणि टोपल्याही चालतात, फक्त त्यांवर वजन ठेवावे. गारा पडून गेल्यावर लगेच छाटणी करू नये. दोन दिवसांनी शेंडा पाहावा. टोमॅटो, मिरची किंवा वेलाचा शेंडा तुटला असेल तर बगलेतून फूट येते आणि रोप ठेवण्यासारखे असते. कोबी-फुलकोबीचा मधला कोंब गेला असेल तर तेथे गड्डा धरणार नाही, म्हणून दुसरे रोप लावावे.

दहिवराची रात्र ओळखता येते: दिवस कोरडा, संध्याकाळी आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला. अशा रात्री जमीन आपली ऊब सरळ आकाशात सोडते आणि जमिनीलगतची पाने डोक्याच्या उंचीवरील हवेपेक्षा कित्येक अंशांनी गार होतात; हवामानाच्या अंदाजात ३ किंवा ४ अंश सांगितलेले असतानाही वाफ्यावर दहिवर पडते ते यामुळे. आच्छादन नवी ऊब निर्माण करत नाही, जमिनीतून निघणारी ऊब अडवते. म्हणून ते सूर्य मावळण्यापूर्वी घालावे आणि चारही बाजूंनी जमिनीला टेकवावे. खोडाशी गोळा करून बांधलेल्या, छत्रीसारख्या आच्छादनाचा काही उपयोग होत नाही, कारण जमीन बाहेरच राहते. त्या दिवशी दुपारी जमिनीला पाणी द्यावे. ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते. कापड प्लास्टिकपेक्षा बरे. प्लास्टिकच वापरायचे असेल तर ते काड्यांच्या कमानीवर ताणावे, कारण पान जेथे प्लास्टिकला टेकते तेथेच ते गोठते.

सकाळी ऊन आल्यावर आच्छादन उघडावे. प्लास्टिक असेल तर यात मुळीच उशीर चालत नाही, कारण बंद प्लास्टिकखाली तासाभरात हवा इतकी तापते, की रात्रभर थंडीतून वाचवलेले रोप सकाळी उकडून जाते. पाने गोठलेली दिसली तर त्यांना हात लावू नये आणि काळी पडलेली पाने लगेच तोडू नयेत. पुढच्या थंड रात्री तीच खालच्या कोंबाला पांघरूण होतात. आठवडाभराने नवी फूट कोठून येते ते पाहून, तिच्या वरचा मेलेला भाग तेवढा काढावा.